ओळख आधी त्यांनी दाखवायची

बिसेन मॅडम,

तुमच्या तेरवीला तुमच्या भावानं मला मांडवाबाहेर बोलावून हळूच विचारलं, "डॉक्टरबाई, थे लोक कोन होत? आमच्या सोयऱ्यायत तं कोनी ओळखून नाही राहिलं त्यायले."

तिरोड्याला तुमच्या घरापुढे मांडव घातला होता. आत नातेवाईक, कॉलेजचे लोक, तुमचे विद्यार्थी. आणि मांडवाच्या कडेकडेनं, ऊन चुकवत, काही बायामाणसं एकेकटी बसली होती. आपसातही बोलत नव्हती. मी त्यांतल्या बहुतेकांना ओळखत होते. कोणाची गोळी कधी बदलली, कोणाचं वजन वाढलं, कोणाच्या लेकीचं लग्न जमलं, सगळं मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "माहीत नाही, भाऊ. मॅडमच्या ओळखीचे असतील."

बरोबर केलं ना? तुम्हीच शिकवलेलं आहे.

भाऊ भला माणूस. आलेलं कोणी उपाशी जाऊ नये म्हणून प्रत्येकाला स्वतः पानावर बसवत होते आणि बसवताना ओळख विचारत होते. एकानं सांगितलं, मी मॅडमची गाडी दुरुस्त करत होतो. एकीनं सांगितलं, मी त्यायच्या घरी तांदूळ आणून देत होती. तुमच्या गाडीला तुम्ही गोंदियातल्या एकाच जुन्या मिस्त्रीशिवाय कोणाला हात लावू देत नव्हतात. आणि बोदलकशाजवळ घरचं धानाचं शेत असताना बहिणीनं तांदूळ विकत घेतला, हे ऐकून भाऊंच्या भुवया पार वर गेल्या. पण तेरवीच्या घरी कोण वाद घालणार! तुम्ही असतात तर पदर तोंडाशी धरून हसला असतात. मला मात्र तिथे रडू आलं. तुम्ही गेल्यापासून तोवर आलं नव्हतं.

मी तुमच्या हाताखाली आले तेव्हा नुकतीच एमडी झाले होते आणि मला सगळं येतं असं मला वाटत होतं. गोंदियाच्या कॉलेजात तुम्ही शिकवत होतात, एचआयव्हीच्या रुग्णांना तपासत होतात आणि उरलेल्या वेळात त्यांच्याविषयी संशोधन करत होतात. "उरलेला वेळ" म्हणजे काय हे मला पुढे कळलं. तो कधी उरायचाच नाही.

एका रविवारी आपण बाजारात गेलो होतो. तुम्ही कोचई, म्हणजे अळूचे गड्डे, निवडत होतात. समोरून एक माणूस बायकोसोबत आला. आदल्या दिवशी त्याला तुम्ही किती तरी वेळ बसवून धीर दिला होता, माझ्यासमोर. तो शेजारून गेला आणि तुम्ही मान वर केली नाही.

"मॅडम, ते कालचे. तुम्ही पाहिलंच नाही."

"पाह्यलं."

"मग?"

"मंग काय? आपन कोचई घ्याले आलो, थो मिरच्या घ्याले आला. त्यानं ओळख देली तं आपन देऊ. आधी आपन नाही देवाची. घरवाली इचारन, या डॉक्टरनीले कसं काय ओळखता जी? तं थो काय सांगन?"

आणि कोचईचा एक गड्डा नाकाशी धरून तुम्ही तो परत टाकून दिलात.

आपल्याकडे डॉक्टर बाजारात निघाला की चार पावलांवर नमस्कार. तुम्हाला कोणी करत नव्हतं. भाजीवाल्या समजत, ही बाई भलती घमेंडी आहे. तुम्हाला ते ठाऊक होतं आणि त्याचं तुम्हाला काही वाटत नव्हतं. मला वाटायचं. लोकांनी आपल्याला ओळखावं अशी हौस असते ना तरुणपणी, ती माझ्यात भरपूर होती.

आपला पहिला अभ्यास आठवतो? दोघींच्या अकलेचं प्रदर्शनच होतं ते. निधी जूनच्या अखेरीला हातात पडला, म्हणून आपण लगेच वेळापत्रक केलं. कोणी कधी यायचं, रक्त कधी द्यायचं, मुलाखत कधी. रंगीत रकाने पाडले होते मी. सकाळी बर्फाच्या पेट्या तयार, नळ्या तयार, सिस्टर तयार, आणि माणूस एक नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. शेवटी मी दवाखान्याच्या फोनवरून एका बाईला विचारलं. ती म्हणाली, "मॅडम, आमचा रोवना हाय ना जी आता! बिमारी रोवना झाल्यावर."

मी फोन ठेवून तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही माझ्याकडे. माझे बाबा केशोरीला तलावाचं पाणी धानाच्या बांध्याबांध्यांना वाटण्याचं काम करायचे. तुमचं सगळं बालपण धानाच्या चिखलात गेलेलं. आणि अशा दोघी जणी पंख्याखाली बसून, जिल्ह्यात धानाची रोवणी ऐन रंगात असताना, लोकांना रक्त द्यायला बोलावत होतो! तुम्ही हसता हसता खुर्चीतून घसरायच्या बाकी राहिलात. "कोनाले सांगू नोको वं," म्हणालात, "माहा बाप सरगातून गोटा मारन मले."

रोवणी संपल्यावर ती बाई आली. तिचं नाव मी इथेही लिहिणार नाही, गावही नाही. तुम्हाला ठाऊक आहे ती कोण. रक्त देता देता ती सहज बोलली. रोवणीला बायांची टोळी गावोगाव जाते, तिथेच मुक्काम, एकाच खोलीत सगळ्यांच्या पिशव्या. "गोळी पदरात हाय जी मॅडम. पन खाऊ कोनापुढं?"

तोवर आपण लिहीत आलो होतो, पावसाळ्यात रुग्ण गोळ्या विसरतात. विसरत कोणीच नव्हतं. गोळी घ्यायला आडोसा नव्हता, एवढंच. ती गेल्यावर तुम्ही म्हणालात, "हा प्रश्न तुहा. सांभाळ याले."

तेव्हापासून आपलं भांडण सुरू झालं ते शेवटपर्यंत संपलं नाही.

नवख्या संशोधकांसाठी दिल्लीचं एक अनुदान असतं. तीन वर्षं आपला प्रश्न, आपलं नाव, आपली टोळी. पाठीशी एक ज्येष्ठ मार्गदर्शक लागतो आणि वयाची अट असते. त्या अटीत बसण्याचं हे माझं शेवटचं वर्ष. मी म्हणत होते, प्रमुख म्हणून तुमचं नाव टाकू, एखादं मोठं अनुदान मागू, मी तुमच्या हाताखाली करते. तुमच्या नावाला वजन आहे, माझ्या नावाला कोण विचारतं? तुम्ही ऐकायलाच तयार नव्हतात.

बोदलकशाच्या तलावाच्या पाळीवर बसलो होतो आपण. भाऊंनी तलावातली मासोळी तळून पाठवली होती. तुम्ही काटे काढता काढता तुमची कहाणी सांगितलीत, इतकी वर्षं सोबत काढल्यावर पहिल्यांदा. तरुणपणी तुम्ही रक्ताच्या नळ्या बर्फात घालून रेल्वेनं मोठ्या शहरांत पाठवत होतात. तिकडे शोधनिबंध निघत. तुमचं नाव सगळ्यात शेवटी, आभाराच्या ओळीत. "माही सारी जवानी आभारात गेली, बापा," म्हणालात आणि खळखळून हसलात. राग नव्हता त्यात. मला मात्र तुमच्या वाटचा राग आला होता.

"म्हनून म्हनतो, तुह्या नावानं टाक. पऱ्ह्यायचं काय होते, सांग बरं? येळेवर उपटून नाही रोवले तं?"

हे काय विचारायचं? धानाची रोपं वाफ्यात जास्त दिवस राहिली की म्हातारी होतात. मग कितीही चांगल्या बांधीत रोवा, फुटवे येत नाहीत. बाबांनी हे मला शाळेत जायच्या आधी शिकवलं होतं.

"मी काय रोप आहे?" मी म्हटलं.

"नाही. तू बुढी होऊन राहिली."

असं बोलायचं तुम्ही! चाळिशीच्या तोंडाशी आलेल्या बाईला!

प्रस्ताव माझ्या नावानं गेला, मार्गदर्शक तुम्ही, पण एका मुद्द्यावर मी हट्ट सोडला नाही. गोळ्या चुकल्या तर विषाणू औषधाला जुमानेनासा होतो. ती तपासणीही ठेवू या, असं माझं म्हणणं. तुमचं म्हणणं, तो शहरातल्या मोठ्या यंत्रांचा सोस आहे. तपासणी ठेवली की नळ्या पुन्हा रेल्वेनं जाणार आणि प्रश्न त्यांचा होणार. मी चिडून म्हटलं, तुम्हाला तुमची जुनी जखम सोडवत नाही. तुम्ही म्हणालात, जखम नाही वं, अनुभव. मी ती तपासणी काढून प्रस्ताव पाठवला. मॅडम, तुमच्यासमोर माघार घेतली, पण मनातून मला ते कधी पटलं नाही. आजही पटत नाही.

त्याच सुमाराला पुण्याच्या एका मोठ्या प्रयोगशाळेतून मला विचारणा झाली. दुसऱ्याचा प्रकल्प, पण पक्की नोकरी, हाताखाली सगळी यंत्रं. अनुदान मिळेल की नाही याचा भरवसा नाही आणि हे तर ताटात वाढून आलेलं. मी तुम्हाला सांगितलं तेव्हा वाटलं, रागवाल. तुम्ही आलूबोंड्याचा तुकडा मोडलात, डॉक्टरनं बंदी घातलेली असताना, आणि म्हणालात, "जाय म्हनत नाही, नोको जाऊ म्हनत नाही. तुही जिंदगी. पन थो प्रश्न संगं नाही नेता येत. थो इथंच राह्यते." मग आलूबोंडा संपवलात आणि विषयही.

आणि एका दुपारी, जेवून आडव्या झालात त्या उठलाच नाहीत. मॅडम, एवढं मुकाट्यानं जाणं तुमच्या स्वभावात बसत नाही. निदान एक टोमणा तरी मारायचा.

अनुदानाच्या मुलाखतीचं बोलावणं तेरवीच्या आधीच आलं. मार्गदर्शकाचं निधन झाल्याचं नियमाप्रमाणे मीच कळवलं. तिकडून उत्तर आलं, दुसरा मार्गदर्शक द्या, नाहीतर प्रस्ताव मागे घ्या. पुण्याचे लोकही थांबायला तयार नव्हते. सोमवारी हो की नाही कळवा, म्हणाले. असं सगळं डोक्यात घेऊन मी तुमच्या तेरवीला आले होते.

जेवणं झाल्यावर मागच्या नळावर मी हात धूत होते. शेजारच्या नळावर तीच बाई आली, रोवणीवाली. मघाशी भाऊंना तांदळाचं सांगणारी तीच. आम्ही दोघी भिंतीकडे तोंड करून उभ्या. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही, मीही नाही. पाण्याच्या आवाजात ती भिंतीला सांगावं तसं बोलली.

"मॅडम तं गेल्या."

मी हात चोळत राहिले.

"मॅडमनं सांगितलं व्हतं मले, तुमी मी सांगितल्या गोठीवर दिल्लीहून पैसा मांगून राहिल्या म्हनून. आता तुमीबी जासान का?"

तेवढ्यात भाऊ पानदान घेऊन आले. ती ओले हात लुगड्याला पुसत निघून गेली, मला ओळखतच नसल्यासारखी. उत्तर देणं राहून गेलं. निरोप तरी कसा पाठवायचा? दवाखान्याच्या कामाशिवाय कोणाला फोन करायचा नाही, हाही तुमचाच नियम.

सोमवारी मी पुण्याला नाही म्हणून कळवलं. यात त्याग वगैरे काही नाही, उगाच तसं समजू नका. तिकडे गेले असते तर सुखात राहिले असते आणि अधूनमधून तुमची आठवण काढून गहिवरले असते. पण ती बाई रोवणीला दुसऱ्या गावी गेली असेल आणि गोळी पदरात गाठ मारून ठेवली असेल, हे चित्र काही पुण्यात पुसलं गेलं नसतं. प्रश्न खरंच संगं नेता येत नाही. तुम्ही बरोबर होतात, आणि हे म्हणायला मला जिवावर येतंय.

मार्गदर्शक कोण? मी नागपूरच्या त्या सरांना फोन केला. हो, तेच. प्रत्येक परिषदेत ज्यांच्याशी तुमची जुंपायची, ते. मला वाटलं, फोन तरी उचलतील का. त्यांनी उचलला, म्हणाले, "आता भांडायलाही कोणी उरलं नाही. पाठव कागद, सही करतो." त्यांचा आवाज ऐकून मला कळलं, तुमच्या माणसांत मी त्यांना धरलंच नव्हतं. तुम्ही बहुधा धरलं होतं.

मुलाखत कॉम्प्युटरवर झाली. एकानं विचारलं, इतक्या छोट्या जागेवरून हे जमेल का, एखाद्या मोठ्या गटाबरोबर का नाही करत? मी सांगितलं, प्रश्न सांगणारी माणसं इथे येतात, म्हणून इथे. दुसऱ्यानं विचारलं, पावसाळ्यात लोक आलेच नाहीत तर? मग मी त्यांना आपल्या रंगीत रकान्यांची गोष्ट सांगितली. कोणाला सांगू नको म्हणाला होतात, पण सांगितली. तुमच्या वडिलांनी गोटा मारला तर दोघी मिळून खाऊ. सगळे हसले. हसणं ओसरल्यावर तिसरे म्हणाले, सगळं ठीक, पण औषधाला न जुमानणाऱ्या विषाणूची तपासणी यात का नाही?

मॅडम! ऐकलंत?

मी जिंकले. मी आयुष्यात पहिल्यांदा तुमच्याशी वाद जिंकले आणि शेजारची खुर्ची रिकामी होती. मला त्या लोकांसमोर पाणी प्यावं लागलं.

अनुदान मंजूर झालं. तपासणी घालावी, अशी अट घालून. तुमचं समाधान व्हावं म्हणून सांगते, नळ्या जातील, पण निबंध इथून निघेल, आणि तिकडच्यांचे आपण व्यवस्थित आभार मानू. प्रवासखर्चाला मात्र त्यांनी कात्री लावली आहे. नेहमीप्रमाणे. "गोंदिया जिल्हा म्हंजे यायले आंगन वाटते" हे तुमचं वाक्य मी जोरात म्हणून घेतलं आणि एसटीचा पास काढला.

तुमचं नाव कुठे घालायचं, हे अजून ठरत नाही. वर घालू नको, हे तुम्ही बजावून ठेवलंय. आभारात घालायला माझा हात धजत नाही. ते भांडण तसंच राहू द्या. काहीतरी आपल्यात चालू असलेलं बरं.

परवा मी त्याच एसटीनं जात होते, इटियाडोह धरणाच्या कालव्याच्या बाजूनं. रोवणी जोरात आहे. एका गावाजवळ पऱ्ह्यांच्या पेंड्यांनी भरलेला ट्रॅक्टर आडवा फसला होता आणि आमची बस खोळंबली. रस्त्याला लागून बांधी. बायांची रांग वाकून रोवत मागेमागे सरकत होती. त्यातली एक कंबर सरळ करायला उभी राहिली. तीच होती.

मी झटकन पुढच्या सीटच्या पाठीकडे पाहायला लागले. त्यावर कोणी तरी कोणाचं तरी नाव कोरलेलं होतं, ते वाचत बसले.

"ओ डॉक्टरबाई!"

मी वळून पाहिलं. चिखलानं माखलेला हात वर करून ती उभी होती, सगळ्या टोळीसमोर. शेजारच्या बाईनं वाकल्या वाकल्या विचारलं, "कोन व्हय वं थे?"

ती म्हणाली, "माह्या ओळखीची हाय."

ना गाडी, ना तांदूळ. मी खिडकीची काच सरकवली. तेरवीपासून राहून गेलेलं उत्तर होतं ते, आणि बस तर आता निघेल असं वाटत होतं. मी ओरडून म्हटलं, "मी कोठीच जाऊन नाही राहिली!"

रांगेतल्या बाया खो खो हसल्या. बसमध्ये बसून ही बाई म्हणते, मी कुठेच जात नाहीये! बसमधलेही हसले. ती हसली नाही. तिनं मान हलवली, "रोवना झाला का येतो मी," म्हणाली, आणि पेंडीतून रोपं वेगळी करून पुन्हा वाकली.

ट्रॅक्टर निघाला, बस हलली. मी हात बाहेर काढून हलवत राहिले, ती पाहत नसतानाही.

नियम मोडला नाही, मॅडम. ओळख आधी तिनं दाखवली.